पोकलाईची घंटा

गडब गावाजवळ खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर जत्रा भरली होती आणि देवीच्या जागी उभा होता पिवळा पोकलेन! त्याच्या बकेटला शेंदूर, केबिनला हिरवी साडी. नावही पडलं होतं, पोकलाई.

धोंडुबाईला मात्र देवीपेक्षा बांध फुटून पडलेली खांड दिसत होती. खांडीमागचं पहिलं शेत तिचंच. अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली नाही तर खारं पाणी आत शिरणार, मग पुढची काही वर्षं भाताचं नाव नको. तरी ओटीचा नारळ तिनंही आणला होता. न जाणो!

भानगड अशी झाली. ठेकेदारानं पोकलेनवर एक डबी बसवली होती. यंत्र धोक्याइतकं कललं की तिची घंटा वाजायची. पण ती सपाट बांधावरही ठणाणा करू लागली. ड्रायव्हर पोपट उडी मारून पळाला आणि रोह्याचे मांत्रिक ढेकळेबाबा धावत आले.

"बांधाखाली मातेचं ठाणं हाय!" बाबा गरजले. "तिच्यासमोर इंजिन घुरघुरतंय? बंद कर आधी!"

पोपटानं परत येऊन इंजिन बंद केलं. बाबांनी डोळे फिरवले. "ओम् पोकलं पोकलं फट्!" घंटा गप्प! गर्दीनं हात जोडले.

इंजिन सुरू केलं, पुन्हा ठणाणा.

"मातेला कोंबडा पायजे!" बाबांनी फर्मावलं.

"बाबा, साडी पसंत नाय का मातेला?" ठेकेदारानं विचारलं.

"नववारी पायजे!"

धोंडुबाईचा धीर सुटला. पेणच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मोरोपंत गुरुजींना ती म्हणाली, "गुरुजी, माता नेसंपर्यंत माजा शेत बुडंल वो!"

गुरुजी पुढे झाले. "बाबा, आता इंजिन चालू ठेवून मंत्र म्हणा."

बाबांनी मंत्र म्हटला, दोनदा म्हटला, ओरडून म्हटला. घंटा ठणाणतच राहिली.

"पोपट, इंजिन बंद कर. बाबा, तुम्ही तोंड बंद करा."

घंटा गप्प!

"म्हंजी माता इंजिनाला भिते?" धोंडुबाई म्हणाली. गर्दीत खसखस पिकली.

गुरुजींनी डबीचं झाकण काढलं. आत लोंबतं वजन होतं. "यंत्र कललं की हे शेजारच्या पट्टीला टेकतं आणि घंटा वाजते. पण इंजिनाच्या हादऱ्यानंही हे झुलतं, टेकतं."

"डबी चांगली हाय!" ठेकेदार रागावला. "आधी पाण्याच्या टाकीवर बसवलेली, कधी बोंबलली नाय."

"टाकी दिवसभर थरथरते का?"

ठेकेदार वाकून डबीत बघू लागला.

गुरुजींनी इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं आणि दोऱ्याला खडा बांधून तो यंत्राला लटकवला. खडा नाचू लागला. मग देवीच्या समईचं तेल बाटलीत ओतून खडा दोऱ्यानं त्यात सोडला आणि बाटली यंत्रावर ठेवली. आता हादऱ्यानं तो जेमतेम हलला. बाटली कलती केली की मात्र सावकाश बाजूला सरके. "अशा यंत्राला तेलात बुडलेलं वजन हवं. डबी निवडताना ती कुठे बसणार, हे आधी विचारायचं."

"मग घंटेची तार तोडू?" पोपटानं विचारलं.

"अजिबात नाही! खरंच कललास तर कोण सांगणार? योग्य डबी येऊ दे, मगच बकेट हलव."

बाबा केव्हाच पसार झाले होते, नववारीसकट.

ठेकेदारानं तेलात बुडलेल्या वजनाची डबी आणली. सपाट बांधावर ती गप्प राहिली आणि पोपटानं खांड बुजवली. अमावास्येला उधाणाचं पाणी बांधावर आपटलं आणि आल्या वाटेनं परत गेलं. धोंडुबाईनं ओटीचा नारळ फोडून पोरांना वाटला.

"आणि मातेला गो?" कुणीतरी डिवचलं.

"तिला ग्रीस घाला!"

पोरांनो, यंत्र ओरडलं तर हात जोडू नका. ते काय मोजतंय, ते बघा. आणि कुणी मंत्र म्हणायच्या आधी इंजिन बंद करायला सांगितलं, तर ते चालूच ठेवा.