आठवा कान

बाबांच्या दुकानात ड्रमच्या कडेवरच्या स्क्रूंना कान म्हणत. स्नेअर ड्रमला, म्हणजे खालच्या पडद्याला तारा लावलेल्या बँडच्या ड्रमला, असे दहा कान. ते चावीने पिळायचे, पण ओळीने नाही, समोरासमोरची जोडी धरून. नाहीतर पडदा एका बाजूला ओढला जातो. घरातल्या दोन्ही पोरांचे कानही आपण याच शिस्तीत पिळले, असं बाबा गिऱ्हाइकांना सांगत. थोरली यावर हसायची नाही. तिच्या मते धाकट्याच्या वाटणीचं पिळणंही तिच्याच कानांवर झालं होतं.

थोरली कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळायची आणि पाच वाजता घरी येताना दुकानात डोकावायची. सोमवारी ती आली तेव्हा बाकावर मेजर बसले होते. मेजर फौजेत कधीच नव्हते. बँडच्या गणवेशातल्या बिल्ल्यांमुळे हे नाव पडलं होतं. त्यांचा स्टीलचा ड्रम बाबांनी नुकताच नवा पडदा घालून दिला होता आणि तो झंकारतो, अशी त्यांची तक्रार होती.

"माझ्या मेहुण्यासारखा झालाय," मेजर म्हणाले. "मुद्दा संपतो, बोलणं संपत नाही."

बाबांनी काठी मारली, मान तिरकी करून ऐकलं आणि ड्रम ठणठणीत असल्याचं सांगितलं. तुमच्या हॉललाच घुमारा असेल, असंही वर सुनावलं. थोरलीला मात्र ठोक्यामागून निघालेली बारीक, किणकिणती रेघ स्पष्ट ऐकू येत होती. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते.

वर्षभर ती हे कानामागे टाकत आली होती. दाराची घंटा बाबांना ऐकू जाईना, फोनची शिट्टीही जाईना. खालचे सूर शाबूत होते, त्यामुळे बोलणं कळायचं आणि ड्रमचा मूळ ठोकाही. वरचे तेवढे गेले होते. सांगायची तिची छाती होत नव्हती. बाबांचे गुरू कान गेल्यावरही काम करत राहिले होते आणि गिऱ्हाइकं पाठीमागे हसत. ते बघून बाबांनी कानाला खडा लावला होता: ज्या दिवशी आपला कान जाईल, त्या दिवशी चावी खाली ठेवायची. या चावीवाचून त्यांनी काय केलं असतं, हे तिला सुचत नव्हतं.

म्हणून त्या सोमवारी मेजर ड्रम ठेवून गेल्यावर बाबा आत चहा ठेवायला गेले तेव्हा तिने गुपचूप आठवा कान अर्धा फेरा ढिला केला. दहाही कान अगदी सारखे ताणलेले असले की पडद्याची थरथर कुठे अडत नाही आणि पातळ स्टील तिला साथ देत राहतं. एक कान ढिला पडला की तो समतोल मोडतो, झंकार लवकर विझतो. ही युक्ती तिला बाबांनीच शिकवली होती. तिने वाजवून पाहिलं. ठोका कोरडा, नेटका आला. ती निश्चिंत मनाने घरी गेली.

शुक्रवारी मेजर ड्रम घेऊन परत हजर. झंकार होता तसाच होता. उद्या दुपारी रेकॉर्डिंग आहे, आज जमलं नाही तर नाइलाजाने दुसरीकडे नेतो, असं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं.

थोरलीने आठव्या कानाशी बोटाने दाबून पाहिलं. पडदा घट्ट होता.

"बाबा, याला कुणी हात लावला?"

"मीच. देताना शेवटचा हात फिरवला, तर एक कान ढिला लागला. अशी चूक माझ्याकडून कशी झाली, देव जाणे."

बाबांचा अंगठा अजून चोख होता.

"ती तुमची चूक नव्हती. मी ढिला केला होता. तो झंकारतोय बाबा. तुम्हाला ऐकू येत नाही."

मेजर उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. बाबांनी चावी बाकावर ठेवली. फडक्याने हात पुसले, एकेक बोट करून. मग त्यांनी विचारलं, कधीपासून. वर्ष झालं, ती म्हणाली. त्यांनी काठी उचलली.

"बोट वर धर," ते म्हणाले. "किणकिण ऐकू येईल तोवर वर. थांबली की खाली."

त्यांनी काठी मारली. तिचं बोट वर गेलं आणि मनात चार मोजेपर्यंत वरच राहिलं. बाबा त्या बोटाकडे बघत होते, ड्रमकडे नाही. त्यांनी चावी उचलली, आठवा कान पाव फेरा सोडला, पुन्हा काठी मारली. बोट तीनवर उतरलं. आणखी पाव फेरा. मग ड्रम उलटा करून तारांच्या बाजूचा खालचा पडदा चारी बाजूंनी केसभर ताणला, ड्रम सरळ करून पुन्हा काठी मारली. आता बोट वर जाताजाताच खाली आलं.

मेजरांना आत बोलावलं. त्यांनी वाजवलं आणि मान डोलावली.

"हा कान मुद्दाम ढिला आहे," बाबांनी त्यांना सांगितलं आणि आठव्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला. "कुणी घट्ट करू पाहिलं तर करू देऊ नका. मलासुद्धा."

सोमवारी थोरली आली तेव्हा दारावरच्या पाटीतली 'सकाळी दहा' ही वेळ खोडलेली होती. तिथे लिहिलं होतं, पाच ते सात. आत बाकावर कुणाचा तरी पितळी ड्रम होता आणि बाबा चावी हातात घेऊन बसले होते.

"उशीर केलास," ते म्हणाले. "बोट आण."