घरपोच मतदान

"आता आमच्या स्वयंपाकघरात मतदान घ्यायचं तेवढं राहिलंय," माझ्या मानेजवळ कोणीतरी पुटपुटलं.

शाळेच्या फाटकावर नवी सूचना लागली होती आणि आम्ही साऱ्या आया एकमेकींच्या खांद्यांवरून माना काढून ती वाचत होतो. पुटपुटणारी पोस्टात काम करते. तिची दोन मुलं या शाळेत आहेत, आणि नवरा बाहेरगावी असतो. "मी यांना कुठे ठेवू सांगा. तिकीट चिकटवून मामाकडे पाठवू?"

मतदानासाठी शाळा बंद. वर्षातली ही तिसरी खेप. आधी मोठी निवडणूक झाली, मग गावापुरती झाली, आणि आता निवडून आलेल्या माणसाला मध्येच दुसरीकडे काहीतरी बरं मिळालं म्हणून त्याची जागा भरायची होती. त्याचं भलं झालं. आमच्या पोरांचे बाक पुन्हा व्हरांड्यात आले.

मतदान एका दिवसाचं असतं असं ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत त्यांनाच वाटतं. बाक बाहेर काढण्यापासून सुरुवात होते. मग दोऱ्या येतात, वायरी येतात, पुठ्ठ्याचे आडोसे येतात. सगळं आटोपल्यावर बाक परत आत येतात ते भलत्याच वर्गात, आणि मग आठवडाभर पहिलीची पोरं सातवीच्या बाकांवर पाय लोंबकळत बसतात. मतदानाच्या कामाला शिक्षकच लावलेले असतात, त्यामुळे इमारत मोकळी झाली तरी शिकवणारी माणसं थकलेलीच असतात.

माझा राग मात्र एका खोलीपुरता होता. तळमजल्यावर, फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला वाचनाची खोली आहे. ज्या मुलांच्या डोळ्यांसमोर अक्षरं जागची हलतात, ती मुलं रोज तिथे बसतात. आमची चिमी त्यांतली. नऊ वर्षांची झाली तरी तिला पाटी वाचता येत नव्हती. मी रागावले, समजावलं, मांडीवर घेऊन बसले, पण काही उपयोग झाला नाही. वाचनाच्या बाईंनी तिला ताटातल्या वाळूत बोटाने अक्षर काढायला लावलं, भिंतीवर चित्रं आणि खाली शब्द लावले, आणि एके दिवशी पोरगी रस्त्यात थांबून दुकानावरची पाटी बघत म्हणाली, "आई, छत्री. इथे छत्री लिहिलंय." मी भर रस्त्यात रडले. दुकानदाराला वाटलं छत्री महाग वाटली.

ती खोली मतदानाला सगळ्यांत सोयीची, कारण ती दाराशी आहे आणि तिला पायऱ्यांऐवजी उतार आहे. पहिल्या खेपेला भिंतीवरची चित्रं काढून टाकली. का, तर छत्री ही कुठल्याशा उमेदवाराची निशाणी निघाली. शिडीही निघाली. किटलीवर कोणी उभं नव्हतं, पण संशयाला जागा नको म्हणून तीही उतरवली. चित्रं परत लागली तेव्हा अर्ध्यांचे कोपरे फाटलेले होते. दुसऱ्या खेपेला वाळूच्या ताटात कोणीतरी सिगारेटी विझवल्या. चिमीने त्यात बोट घातलं, राख बघितली, आणि घरी येऊन म्हणाली, "मला आता नाही जमत." त्यानंतर छत्रीचा छ परत यायला बरेच दिवस लागले.

म्हणून या खेपेला मी पोस्टातल्या बाईला म्हटलं, "चला, जाऊ या."

मी पडदे शिवते. ऑफिसांच्या पायऱ्या चढायची मला सवय नाही, आणि चढले तर पडद्यांची मापं घ्यायला. पण आम्ही दोघी गेलो. निवडणुकीच्या साहेबांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि शाळाच का हे नीट सांगितलं. जागा सरकारी, भाडं नाही, सगळ्यांना ठाऊक, आणि उतार आहे.

"पलीकडे क्लबचा हॉल आहे," पोस्टातली म्हणाली. "दिवसभर रिकामा. संध्याकाळी चार माणसं तिथे पत्ते खेळतात."

"तो वरच्या मजल्यावर आहे, ताई. म्हातारी माणसं, आजारी माणसं कशी चढणार?"

आणि मी चटकन म्हणाले, "पण त्यांच्यासाठी घरी येऊन मत घ्यायची सोय आहे ना? मी वाचलंय."

साहेबांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, घरी येईपर्यंत बरंच वाटत होतं.

घरी सासरे बूट पुसत बसले होते.

आमचे सासरे आयुष्यभर बस चालवत होते. पाय गेले त्याला तीन वर्षं झाली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि जिना असा की सोफा आणला तेव्हा त्याचे पाय कापावे लागले. चाकाची खुर्ची आहे, ती खिडकीपासून पलंगापर्यंत जाते. ते तिला "शटल सेवा" म्हणतात.

सुरुवातीला यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून बाबांना दोन-तीनदा खाली नेलं. मग एका शेजाऱ्याचं ऑपरेशन झालं. मग यांची पाठ धरली. मग ऊन कमी झालं की नेऊ, थंडी सरली की नेऊ, लिफ्टचं नक्की झालं की नेऊ. लिफ्टचं दर मीटिंगला नक्की होतं. कोणी मुद्दाम काही केलं नाही. रोजच्या धबडग्यात ते राहत गेलं, आणि मग त्याबद्दल बोलणंच राहिलं.

मतदानाच्या दिवशी मात्र पोरं येतात. पक्षाची. एका मतासाठी तिसरा मजला चढायची उमेद त्यांनाच. बाबांना लाकडी खुर्चीत बसवून चौघंजण खाली नेतात, गाडीत घालतात, शाळेत उतरवतात. बाबांनी यात एक सोय केलेली आहे. उतरताना एका पक्षाची पोरं, चढताना दुसऱ्या पक्षाची. मत कोणाला दिलं ते कोणालाच सांगत नाहीत. "सांगितलं तर एक फेरी बुडेल," म्हणतात.

शाळेच्या पटांगणात त्यांचा कंडक्टर वाट बघत असतो. वीस वर्षं एका गाडीवर होते दोघं. कंडक्टरला दिसत कमी, एकट्याने एवढं लांब येववत नाही, त्यालाही अशीच कुठली पोरं आणून सोडतात. मग दोघं मुलांच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतात. मतदान संपून कोणीतरी "आजोबा, आता बंद करायचंय" म्हणेपर्यंत. त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवतात. पुढचा आठवडाभर भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणत नाहीत.

तर ते बूट पुसत होते. सूचना लागल्याचं त्यांना चिमीकडून कळलं होतं.

रात्री जेवताना मी यांना सांगितलं, की साहेबांनी ऐकलं, मतदान क्लबात नेताहेत, शाळा चालू राहणार. हे म्हणाले, "बरं झालं. पोरीचं नुकसान नको." आणि मग बापाकडे बघितलं. बाप बुटांकडे बघत होता.

"क्लबचा जिना केवढा आहे?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला जायचंच नाहीये बाबा," मी म्हटलं. "ते लोक पेटी घेऊन घरी येणार."

"आणि पोरं?"

"कुठली पोरं?"

"उचलणारी."

"त्यांचं मग काय काम?" हे म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. आम्ही तिघांनी ती फार मन लावून पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचं सुरू झालं. घरात मत घेतात म्हणजे गुपित कसं राहणार. सून पडद्यामागून बघणार, पडदे तिचेच. मी म्हटलं, मी बाजारात जाईन. मग म्हणाले, पेटी फुटकी असली तर? मग म्हणाले, मत म्हणजे कसं, रांगेत उभं राहून द्यावं.

"तुम्ही रांगेत कधी उभे होतात?" मी म्हटलं. "खुर्चीतून थेट आत नेतात तुम्हाला."

"रांग दिसते तरी."

मशीनवर माझा दोरा तुटला. तो दिवसभर तुटतच होता. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ते ठरत नव्हतं. या माणसाला काय हवंय ते मला कळत होतं, यांना कळत होतं. आमच्या बोळात एक स्टूल आहे, सगळे त्याला वळसा घालून जातात, उचलत कोणी नाही. तसंच आम्ही त्या गोष्टीला वळसा घालत होतो. आणि वळसा घालून घालून मी चिडत होते बाबांवरच. पोरीची खोली वाचली होती. इतकी सरळ गोष्ट होती. त्यात या माणसाने खोडे का घालावेत?

"तुमच्या नातीसाठी केलंय हे," मी शेवटी म्हणाले.

"मी कुठे नाही म्हणतोय?" बाबा म्हणाले, आणि बुटांची जोडी पलंगाखाली सरकवली. अगदी आत, भिंतीपर्यंत. तिथून काढायची तर मलाच वाकावं लागणार होतं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात वाचनाच्या बाई. खांद्याला जड पिशवी, चेहरा घामेजलेला. घरी मत देणाऱ्यांची कामं या खेपेला त्यांच्या गळ्यात पडली होती. चिमी आनंदाने उड्या मारायला लागली, तिला वाटलं बाई आपल्याकडे आल्या.

"खोली वाचली तुमच्यामुळे," बाई मला म्हणाल्या. "चित्रं तशीच आहेत. वाळू नवी भरलीये." मग पाणी पिऊन म्हणाल्या, "फक्त मी तिथे नसते. सध्या जिने चढते. असो. आजोबा, इथे एक सही लागेल, की तुम्हाला घरी मत द्यायचंय. बाकी सगळं मी भरलंय."

हे चहा ठेवायला उठले. हे कधी चहा ठेवत नाहीत.

बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चष्मा सापडत नाही," म्हणाले. चष्मा खिशात होता, दांडी बाहेर दिसत होती.

"मी वाचून दाखवते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सरकारकडून आलात. सून तर सगळ्याच्या मुळाशी आहे. पोरीला वाचू दे."

चिमी माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. तिने कागद मांडीवर घेतला आणि ओळीखाली बोट ठेवलं. बाई नकळत पुढे वाकल्या. चिमीचे ओठ आधी आतल्या आत हलले, मग आवाज आला.

"मी... घरा... बाहेर... पडू..." तिथे ती अडकली. बाईंनी काही मदत केली नाही. मी हातातला पडदा मुठीत घट्ट धरला. "पडू... शकत... नाही."

बाईंनी श्वास सोडला. मीही सोडला. पोरीने अख्खं वाक्य वाचलं होतं, अनोळखी कागदावरचं, चित्राशिवाय. मला तिला उचलून घ्यायचं होतं. पण खोलीत काहीतरी असं झालं होतं की मला जागेवरून हलता येईना.

"परत वाच," बाबा म्हणाले.

चिमीला वाटलं शाबासकीच मिळाली. तिने या वेळी मान वर करून, सलग, वर्गात म्हणतात तशा सुरात वाचलं. "मी घराबाहेर पडू शकत नाही."

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात चहाची गाळणी, चहा अजून भांड्यातच.

"हे खोटं आहे," बाबा म्हणाले. "यावर मी सही कशी करू? याच वर्षी दोनदा पडलोय मी बाहेर. बाई, तुम्हीच तर होतात तिथे. तुम्ही माझ्या बोटाला शाई लावलीत."

"हो आजोबा," बाई हळूच म्हणाल्या.

"बाबा, ते लोक आले होते म्हणून," हे म्हणाले. "चार-चार माणसं होती. मी एकटा कसा काय..."

"तेच म्हणतोय मी." बाबांचा आवाज चढला नव्हता. बस चालवताना मागे वळून न बघता बोलायचे, तसे खिडकीकडे बघत बोलत होते. "शाळा चालू राहू दे. पोरगी वाचायला लागली, मला अजून काय हवंय? मत मी कुठेही देईन, पलंगावर पडून देईन. पण त्या पोरांना माझं मत हवं होतं, म्हणून त्यांनी चार माणसं गोळा केली आणि मला खाली नेलं. तुम्हाला माझ्याकडून काहीच नको असतं. म्हणून मी वर आहे."