‘आई’ लिहिलेला फ्लास्क

सोमवारी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका फ्लास्कमधल्या पेशी दोन फ्लास्कमध्ये वाटल्या आणि घरी आले, तर स्वयंपाकघरात दोन आया भेंडी चिरत होत्या.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट आहे : माणसाची कातडी म्हातारी कशी होते. आईने हौसेने आपल्या दंडाचा कणभर तुकडा दिला. फ्लास्कवर फक्त नंबर घालायचा असतो. मी ‘आई’ लिहिलं.

फ्लास्क भरला की पेशी वाटाव्याच लागतात, नाहीतर गुदमरून मरतात. आणि दर वाटणीला थोड्या म्हाताऱ्या होतात. दोन्ही आयांच्या कानांमागे पांढरे केस आले होते. सकाळी नव्हते.

“आता नको गं वाटूस,” एक म्हणाली.

“असं कसं? पोरीचे मार्क आहेत त्यावर,” दुसरी म्हणाली.

मी वाटायचं थांबवलं. गुरुवारी दोघींनाही धाप लागली, ओठ निळे पडले. मी धावत कॉलेजात गेले आणि दोन्ही फ्लास्कमधल्या पेशी वाटल्या. घरी आले तर चौघी नीट श्वास घेत होत्या. सुरकुत्या मात्र वाढल्या होत्या.

पुढे घराची धर्मशाळा झाली. बाहेरच्या खोलीत त्या भिंतींना टेकून ओळीने बसायच्या. पेशी एकमेकींना टेकल्या की वाढायच्या थांबतात, तसं एकीचा खांदा दुसरीला लागला की दोघी गप्प व्हायच्या. एरवी आईला गप्प करणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. मला ती शांतता सहन होईना.

खैरमोडे सरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. “थकल्यात पेशी. इन्क्युबेटरमध्ये जागा पण नाही. एक फ्लास्क ठेव, बाकीचे ब्लीचमध्ये ओतून मारून टाक.”

“कुठला ठेवू, सर?”

“कुठलाही. सगळे सारखेच.”

मला तिथेच रडू फुटलं. सर म्हणाले, “अगं, डोळे पुस आणि उद्या सकाळी उरकून टाक.”

घरी येऊन मी सगळ्यांना सरांचं म्हणणं सांगितलं. यातली माझी कोणती, तेही विचारलं. प्रत्येकीने शेजारच्या आईकडे बोट दाखवलं. बोटं भिंतीभिंतीने सरकत दारापर्यंत आली. दाराशी बसलेल्या आईच्या पुढे कोणी नव्हतं. तिथे मी उभी होते.

तिने माझ्याकडे बोट केलं. “हिला ठेवा,” ती बाकीच्यांना म्हणाली.

गुडघ्यांवर हात टेकत सगळ्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या.