आधी चुंबक, मग थंडी

थोरले जावई आणि धाकटे जावई एकाच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. ‘पदार्थाच्या अवस्था’ हे पाठ्यपुस्तक एकट्या थोरल्यांचं. कौतुक मात्र सासरी धाकट्यांचं व्हायचं. त्यांच्या अतिवाहकातून वीज वाहते आणि वाटेत काहीच वाया जात नाही, हे ऐकून सासूबाई हरखल्या होत्या. थोरल्यांनी त्यांना बर्फ, पाणी आणि वाफ समजावली होती. ती त्यांना आधीच माहीत होती.

नव्या आवृत्तीच्या वेळी संपादकबाई प्रयोगशाळेत आल्या. म्हणाल्या, “अतिवाहकता ही वेगळी अवस्था असेल, तर वेगळं प्रकरण हवं. ते धाकटे सर लिहितील. मुखपृष्ठावर दोन नावं.”

थोरल्यांच्या पोटात दुखू लागलं.

“कसली वेगळी अवस्था? पदार्थ घनच राहतो. आतल्या इलेक्ट्रॉनांचा अडथळा गेला, इतकंच. रस्ता मोकळा मिळाला म्हणून सायकलीचं विमान होत नाही.”

“दादा, कसोटी तुम्हीच ठरवा,” धाकटे म्हणाले. हा त्यांचा आणखी एक दुर्गुण.

मत्सर माणसाला अभ्यासू करतो. वर्गात कधी केला नव्हता इतका चोख युक्तिवाद थोरल्यांनी केला. “तुम्ही अतिवाहकाची चकती आधी गार करता, मग वर चुंबक तरंगवता. उलट करा. आधी चुंबक, मग थंडी. नुसता अडथळा गेला असेल, तर चकती आतलं चुंबकीय क्षेत्र आहे तसंच धरून ठेवेल आणि चुंबक बसून राहील. तिनं ते बाहेर ढकललं आणि चुंबक उठला, तर मी अवस्था म्हणेन.”

धाकट्यांनी चकतीवर चुंबक ठेवून द्रव नायट्रोजन ओतला. धुकं पसरलं.

“बसलाय,” थोरले प्रेमाने म्हणाले.

चुंबक किंचित डुलला आणि उठला. बाईंनी खालून कागदाची पट्टी सरकवली. ती कुठेही न अडता पलीकडे निघाली.

“टेबल हललं असेल.”

“टेबल दगडी आहे, सर.”

थोरल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. “अवस्था आहे,” ते म्हणाले.

“काय सुरेख कसोटी काढलीत, दादा! प्रकरण तुम्हीच लिहा. माझं नाव नको.”

थोरले दचकले. “अजिबात नाही. नाव घालायचंच. नाहीतर लोक म्हणतील, काय मोठं मन धाकट्याचं. ते मला मुखपृष्ठ वाटून घेण्यापेक्षा महाग पडेल.”

बाईंनी पेन काढलं. “आधी कुणाचं?”

“अर्थात दादांचं,” धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी कपाळाला हात लावला.