पेवातल्या बाटल्या आणि वैशाखाचं ऊन

चंद्रशेखरकाकाने दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत पुण्याहून अमडापूरला नेमकं काय आणलं, हे घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवून टाकलं होतं. निशिगंधाचे बाबा, भगवानराव, म्हणाले, दारू. आई, अन्नपूर्णाबाई, म्हणाली, औषध असेल, बाटल्या तशाच दिसतात. काका म्हणाला, "ही बिअर आहे, पण बिअर नाही." त्यावर बाबांनी गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत सरकवली. माळेच्या कानावर नको ते पडायला नको.

बाटल्या चोवीस होत्या. आठ काळ्याकुट्ट स्टाउटच्या, आठ बार्लीवाइन नावाच्या तांबूस प्रकाराच्या आणि आठ खास हिवाळी. हिवाळी म्हणजे फक्त हिवाळ्यासाठी काढलेल्या, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग घालून केलेल्या.

"हे तं सर्दीच्या काढ्याचं सामान हाये," बाबा म्हणाले. "एवढ्यासाठी पुण्याले कायले जा लागते?"

काकाने दुर्लक्ष केलं. नऊ वर्षं पुण्यात राहून त्याला ती एक कला चांगली साधली होती. त्याने सगळ्यांना बसवून समजावलं की साधी बिअर ताजी प्यायची असते, पण ही दहा-बारा टक्क्यांची कडक, ही ठेवायची असते. दोन वर्षं, पाच वर्षं. गार, अंधाऱ्या जागी, हात न लावता. मग तिचा कडवटपणा उतरतो आणि मनुका, गूळ, जुनं लाकूड अशा चवी वर येतात. जुनं लाकूड ऐकून बाबांनी पलंगाच्या खुराकडे पाहिलं. बाकी कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा काकाने ते वाक्य उच्चारलं, ज्याच्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं.

"वहिनी, सोपं सांगतो. तुमच्या लिंबाच्या लोणच्यासारखं समजा. जितकं जुनं, तितकं चांगलं."

"मंग असं सांगा ना भाऊजी," आई म्हणाली. "मुरवाचं हाये."

आता मुरवण्याच्या बाबतीत अमडापुरात अन्नपूर्णाबाईंच्या वर कोणी नाही. त्यांच्याकडे सात वर्षांचं लिंबाचं लोणचं आहे, काळं, डांबरासारखं. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसली की लोक वाटी घेऊन दारात येतात. अशा बाईला 'हे मुरवायचं आहे' म्हणून सांगायचं आणि वर 'हात लावू नका' म्हणायचं, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला विहिरीच्या काठावर बसवून पाय कोरडे ठेवायला सांगायचं.

गार, अंधारी जागा घरात एकच होती. परसातलं पेव. आजोबांच्या काळी त्या खड्ड्यात ज्वारी भरून वरून तोंड लिंपत असत. तोंडाशी अरुंद, आत पोट सुटलेलं, खाली उतरायला शिडी. काकाने ते साफ करून घेतलं, बाटल्या उभ्या रचल्या आणि भिंतीला एक गोल काट्याचा थर्मामीटर टांगला. काटा चोवीसवर होता. त्याच्या बिअरच्या पुस्तकात बारा-तेरा लिहिलं होतं.

"युरोपात बारा, आपल्याकडे चोवीस," काका म्हणाला. "आपण दुप्पट आहोत."

तापमानाची वही सोपवली निशिगंधाकडे. ती तेव्हा नववीत होती. दर रविवारी पेवात उतरायचं, काटा बघायचा, वहीत लिहायचं आणि काकाला पुण्याला फोटो पाठवायचा. बाटल्यांशी तिचा संबंध एवढाच, वास घ्यायलासुद्धा बंदी. पण पेवात असं धाडकन उतरता येत नाही. आत वायू साचलेला असतो. आधी झाकण काढून तासभर हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला नाही तर माणूस उतरणार. निशिगंधाने हे सगळं सहा रविवार अगदी मन लावून केलं. सहाही वेळा काटा चोवीसवर होता. सातव्या रविवारी तिने शास्त्रीय पद्धतीने विचार केला की जे सहा वेळा चोवीस आहे ते सातव्यांदाही चोवीसच असणार, आणि पलंगावर लोळत लिहिलं, चोवीस. पुढची जवळजवळ दोन वर्षं तिने पलंग सोडला नाही.

काकाचं पुढे वाढत गेलं. पुण्याच्या एका बिअर कारखान्याला त्याने पत्र लिहिलं, की कडक बिअर मुरवायला तुम्ही वीज जाळून खोल्या गार करता, आमच्या गावात फुकट गार असलेली पेवं ओस पडली आहेत. एकट्या आमच्या भावकीत चार आहेत. कारखान्याने कळवलं, नमुना दाखवा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चव पाहणाऱ्या बाई येणार. पसंत पडलं तर काका गावात राहून हेच काम करणार. नाही पडलं तर हैदराबाद, कारण त्याच्या कंपनीने त्याची तिकडे बदली केली होती, एक जानेवारीपासून.

निशिगंधाला काका हवा होता. घरात ती बोलायला लागली की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आईला नेमकं दूध आठवतं. काका तेवढा वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो. अकरावीला चिखलीला सायन्स घ्यायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले होते, पोरीच्या जातीले एवढ्या दूर कायले. तेव्हा काका चार दिवस त्यांच्याशी अबोला धरून बसला होता. बाबा पाचव्या दिवशी विरघळले, कारण त्यांचा चष्मा काकाशिवाय कोणी ऑनलाइन मागवून देत नाही.

शनिवारी काका आला, पेवात उतरला आणि वर येऊन म्हणाला, "बावीसच आहेत. दोन कुठे गेल्या?"

"उंदरानं फोडल्या असतीन," आई घाईने म्हणाली.

काच फोडणारा उंदीर निशिगंधाने कधी पाहिला नव्हता. काका आंघोळीला गेल्यावर ती चुलीपाशी जाऊन बसली.

"आई, खरं सांग."

"काय खरं? गच्चीवर तडकल्या दोन. पयल्या साली ऊन जास्त झालं. दुसऱ्या साली मी फडकं दुहेरी केलं मंग."

"गच्चीवर?"

"मंग ऊन दाखवा लागते का नाई? बिना उन्हाचं मुरते का काई? चैत्र-वैशाखात चाळीस दिवस, पांढऱ्या फडक्यात बांधून, लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत. तुह्या काकाले पेवात ठेवाचं होतं, तं बाकीचे दहा महिने ठेवल्याच पेवात. त्याले काय कळते, पुण्यात राह्यते."

निशिगंधाच्या डोळ्यांसमोर वहीचं पान आलं. वैशाख, बाहेर त्रेचाळीस, कुत्री नालीत बसलेली, आणि तिच्या सुरेख अक्षरात सलग सहा रविवार, चोवीस. आईचं सांगावं तर वही खोटी पडते. वहीचं झाकावं तर काका उद्या त्या बाईसमोर तोंडावर पडतो. तिने ठरवलं, सकाळी सांगू. सकाळी ठरवलं, चहानंतर सांगू. चहानंतर गाडी दारात आली.

गाडीतून उतरल्या महामायाताई. चाळिशीच्या, सुती साडी, पायात स्पोर्ट्सचे बूट. "मी दुसरबीडची," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. ते ऐकून बाबांना धक्का बसला. दारूची चव पाहायला बाई येणार हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं, पण ती बाई आपल्याच जिल्ह्यातली निघेल अशी त्यांची तयारी नव्हती. ते गोठ्यातल्या म्हशीकडे लक्ष द्यायला गेले. म्हशीला त्या दिवशी बरंच लक्ष मिळालं, कारण गोठ्यातून ओसरी स्वच्छ दिसते.

काकाने पुण्याहून देठाचे ग्लास आणले होते. आईने सोबत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. तिखटाने जीभ बधिर होते म्हणून काका चटणी उचलायला गेला, तर महामायाताईंनी वाटी आपल्याकडे ओढली. "हे शेवटी खाईन. ठेवा."

पहिली स्टाउट. काकाने ग्लास उजेडाकडे धरला, गोल फिरवला, नाक खुपसलं आणि डोळे मिटले. "कॉफी," तो म्हणाला. "मागे जळका गूळ. आणि एक, काय म्हणू, पावसानंतरच्या चामड्याचा भास."

महामायाताईंनी एक घोट घेतला, शेजारच्या तपेलीत थुंकला आणि म्हणाल्या, "ओला पुठ्ठा."

"हो, पुठ्ठ्याचाही भास आहे," काका म्हणाला.

"भास नाही. पुठ्ठाच आहे. ही गेली."

दुसरी हिवाळी. संत्र्याची साल कुठल्या कुठे उडाली होती, लवंग तेवढी एकटी राहिली होती. "दातदुखीवर चालेल," ताई म्हणाल्या. काका आता डोळे मिटत नव्हता. त्याच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला होता आणि तो निशिगंधाकडे पाहून उगाच हसला.  हैदराबाद दोन घोट जवळ आलं होतं.

तिसरी बार्लीवाइन. ताईंनी घोट घेतला. थुंकला नाही. दुसरा घेतला. मग ग्लास खाली ठेवून बाटली उन्हाकडे धरून न्याहाळली आणि हात पुढे केला. "तापमानाची वही आहे म्हणालात. द्या."

त्यांनी पानं उलटली. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"थंडीत चोवीस. पावसाळ्यात चोवीस. वैशाखात चोवीस. आमचं तीस लाखांचं गारठ्याचं यंत्र असून काटा दोन अंश हलतो. हे पेव आहे का काय आहे?"

"आमचं पेव फार जुनं आहे," काका म्हणाला.

"मी लिहिलंय ते," निशिगंधा म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. गोठ्यातली म्हैस आणि बाबा, दोघांनी वळून पाहिलं. "पहिले सहा खरे आहेत. बाकीचे मी घरात बसून लिहिले. आणि वैशाखात बाटल्या पेवात नव्हत्याच. काकाला यातलं काहीच माहीत नाही. चूक माझी आहे. आणि थोडी आईची."

"माही कोणती चूक बे?" आई चटणीचा डबा घेऊन बाहेर आली. "भाऊजीनंच सांगतलं, लोणच्यासारखं समजा. मी समजली."

 काकाला आपलं दोन वर्षांपूर्वीचं वाक्य आठवलं असावं, कारण त्याने हळूच ग्लास खाली ठेवला.

"फडक्यात बांधलं होतं ना?" महामायाताईंनी आईला विचारलं.

"दुहेरी."

"वाटलंच. उजेड लागलेला नाही, नुसती धग लागली आहे. माही आई पण असंच करे, दुसरबीडले. आंब्याच्या लोणच्याले." ताई पहिल्यांदा घरच्यासारखं बोलल्या. "स्टाउट मेली. हिवाळी मेली. पण ही तांबडी काऊन जगली, मले सांगता येत नाही. मनुका आहे, खारीक आहे, आणि तुमच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण काढल्यावर येते तसं काहीतरी आहे. मी वीस वर्षं चव पाहते. अशी पाह्यली नव्हती."

काकाचा चेहरा उजळला. "म्हणजे पसंत?"

"काय पसंत करू? पेव पाहायला आले मी. पेवात काय होते, ते मले अजून कळलंच नाही. ही वही मी कारखान्यात दाखवली तर माहीच नोकरी जाईल." त्यांनी वही मिटून निशिगंधाच्या हातात दिली. "साठ बाटल्या पाठवते. तीस पेवात, हात न लावता. तीस वहिनीच्या गच्चीवर. एक वर्ष. दर आठवड्याले खरा आकडा. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर राम राम. पण इथं माणूस पाह्यजे, पुण्यातून फोटो मागवणारा नाही."

म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. हैदराबादचा होकार मात्र तीन दिवसांत द्यायचा होता. काकाने तो उरलेला तांबडा घोट पिऊन टाकला. 

"वहिनी," तो म्हणाला, "वर्षभर माझ्या दोन भाकरी जास्त पडतील."

"तीन खाता तुमी," आई म्हणाली. "टाकीन. पण पेवाचं काम या पोरीपाशी ठेवू नका."

गोठ्यातून बाबांचा आवाज आला, "अन् माह्या चष्म्याचं?" त्यांनी मंजुरी दिली ती एवढीच.

महामायाताई भाकरी-चटणी खाऊन, तीन तांबड्या बाटल्या फडक्यासकट घेऊन गेल्या. पावती मागितली नाही, वहीतही लिहू दिलं नाही. या बाटल्या नव्हत्याच असं समजा, म्हणाल्या.

निशिगंधाने मात्र ठरवलं की हकालपट्टी व्हायच्या आधी एक तरी आकडा खरा लिहायचा. तिने झाकण काढलं, तासभर बसली, कंदील सोडला, शिडीने उतरली. काटा चोवीसवर होता. तिने थर्मामीटर खिळ्यावरून काढला आणि वर आणून तळपत्या उन्हात गच्चीच्या कठड्यावर ठेवला. अर्धा तास थांबली. चोवीस. मग आईच्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी ठेवला. चोवीस.

तिने काकाला हाक मारली. काकाने काच काढली, नखाने काटा ढकलून पाहिला. तळाशी गंजाचा एक लहानसा लाल थेंब होता, काटा त्यात घट्ट रुतून बसलेला.

"पहिल्या दिवसापासून?" तिने विचारलं.

"दुकानातूनच असा आला असेल," काका म्हणाला. "पन्नास टक्के सूट होती."

म्हणजे जवळजवळ दोन वर्षं पलंगावर लोळून निशिगंधाने जे लिहिलं होतं, ते पेवात उतरून लिहिलं असतं तरी शब्दशः तेच लिहिलं गेलं असतं. तिने हे आईला लगेच जाऊन सांगितलं आणि आपलं काम परत मागितलं. आईला नेमकं दूध आठवलं.

काकाने फोन काढला. हैदराबादला नकार कळवला, आणि पाठोपाठ चिखलीच्या दुकानात नव्या थर्मामीटरची चौकशी केली. सूट नसलेल्या.