सकाळी आठच्या नोंदी

गाडी वाळवंटात शिरली तसा सहलीचा गाईड डब्याच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू. खिडकीवरून भांडू नका."

सगळा डबा हसला. ताईचं लक्ष फोनकडे होतं.

ताईने एकतीस वर्षं हवामान वेधशाळेत काढली होती. ठरल्या वेळी तापमापकासमोर उभं राहायचं, डोळा पाऱ्याच्या पातळीत आणायचा आणि दिसेल तेच लिहायचं. निवृत्त झाल्यावर ही सवय तिने आईच्या खोलीत नेली. आई चौऱ्याऐंशीची. मागच्या उन्हाळ्यात खोली तापून ती दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हापासून तिच्या उशाशी भिंतीवर कमाल-किमान तापमापक टांगलेला होता. आकडा वर सरकला की ताई पडदे ओढायची, चादरी भिजवून दाराला लावायची. "मला नसला तरी माझ्या खोलीला रोज ताप असतो," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. भावाने एकदा वृद्धाश्रमाचा विषय काढला होता. ताईने ताट बाजूला सारून सांगितलं होतं, "मी आहे तोवर आई या घरातून हलणार नाही." विषय तिथेच मिटला होता. निदान ताईला तसं वाटलं होतं.

या सहलीची तिकिटं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्या भावानेच काढली. "आठ वर्षांत उंबरा ओलांडला नाहीस. बारकीला घे आणि जा. आईला आम्ही बघतो." बारकी म्हणजे धाकटी बहीण. चौपन्नाची झाली, तिच्या मुलीचं लग्न झालं, तरी घरात ती बारकीच. ताईने एकच अट घातली. रोज सकाळी आठ वाजता भावाने आईच्या खोलीतले दोन आकडे कळवायचे: आत्ताचं तापमान आणि रात्रभरातलं सगळ्यात कमी. भावाने कपाळाला हात लावला, पण कबूल केलं.

पहिले दोन दिवस आकडे ठीक आले. तिसऱ्या दिवशी आलं: आत्ता सत्तावीस, रात्रीतलं सगळ्यात कमी अठ्ठावीस. चष्मा न लावता बघितलं असेल, असं ताईला वाटलं. आज चौथ्या दिवशी: आत्ता सव्वीस, सगळ्यात कमी अठ्ठावीस.

"बारके, हे वाच."

बारकी समोरच्या बाकावर संत्रं सोलत होती. "छान आहे की. सव्वीस म्हणजे गारच. इथे बघ, नुसतं भाजून निघतंय."

"खोली रात्रभर अठ्ठावीसच्या खाली गेली नाही म्हणतो. मग आठ वाजता सव्वीस कुठून आलं?"

"अगं, इकडचा आकडा तिकडे पडला असेल."

"काल मीही तेच म्हटलं. आज पुन्हा? बघून लिहिणारा चुकला तर एखाद्या अंशाने चुकतो. हे न बघता लिहिलंय."

"तू पण ना ताई! सुटीवर आलीस आणि भावाची परीक्षा घेत बसलीस."

"काल फोन केला तर आई झोपलेली. परवा केला तर आंघोळीला गेलेली. बारके, आई कुठे आहे?"

बारकी खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नाही, हे गाईडने नुकतंच सांगितलं होतं.

"चांगली आहे ती," बारकी शेवटी म्हणाली. "तो वृद्धाश्रम... भावाने तेव्हा सांगितला होता ना, तोच. परवा हलवलं."

ताईने मनात दिवस मोजले. परवा. म्हणजे पहिले दोन दिवस आकडे खरे होते. त्यानंतर खोलीत आईच नव्हती, मग तापमापकाकडे बघायला कोण जाणार?

"निघताना तू गाडीत माझ्या गळ्यात पडलीस," ती सावकाश म्हणाली. "म्हणालीस, किती वर्षांनी दोघीच निघालो."

"ते खोटं नव्हतं गं."

"नाही. नुसता केसाने गळा कापलात."

भावाने फोन उचलला तो ततपप करतच. तो आईजवळच बसला होता. ताईने त्याला एक शब्द बोलू दिला नाही. "तिला दे."

"त्याच्यावर तोंड टाकू नकोस," आईचा आवाज आला, ठणठणीत. "मीच सांगितलं होतं."

"तू?"

"तुझ्यादेखत निघवलं नसतं मला. तू नुसती दारात उभी राहिली असतीस तरी मी मागे फिरले असते. साठी उलटली तुझी. रात्री तीनतीनदा उठून चादरी भिजवतेस, मला काय कळत नाही? जाग असते मला."

"आणि हे आकडे?"

"ते याचं डोकं. मी म्हटलं होतं, मेल्या, तिला कळेल."

"मला विचारायचं होतंस, आई."

"विचारून काय? नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग भांडलो असतो. रडलो असतो. पण मी तिथे असते." भाऊ पहिल्यापासूनच पळवाटा शोधणारा, बारकी त्याच्या शब्दाबाहेर नसलेली. त्यांचं ती कधीतरी गिळू शकली असती. पण जिचा श्वास ऐकत ती आठ वर्षं अर्धवट झोपली, ती जागीच होती, आणि जागेपणी तिने हे ठरवलं होतं.

"सहल पुरी करून ये," आई म्हणाली. "लगेच येऊ नकोस. आलीस की मला घेऊन जाशील."

ताईने फोन ठेवला.

दुपारी गाडी जंक्शनला थांबली. सहलीची मंडळी टोप्या चढवून वाळूच्या टेकड्या बघायला बसकडे निघाली. ताई बॅग घेऊन फलाटावर उतरली आणि गाईडला म्हणाली, "परतीची गाडी कधी आहे? मी पुढे येणार नाही."

"पावणेचारला. पण बाई, उद्या तर खरी मजा आहे!" तिचा चेहरा बघून त्याने मजेचा विषय सोडला आणि पिशवीतून एक छापील कागद काढला. "स्वखुशीने सहल सोडताय असं लिहून द्यावं लागेल. इथे सही, इथे कारण. कारणात 'तब्येत' लिहा. मग ऑफिसात कोणी काही विचारत नाही."

"तब्येतच लिही, ताई," मागून बारकी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "मी पण येते तुझ्याबरोबर."

"तू टेकड्या बघ."

कागद बॅगेवर ठेवून ताईने लिहिलं: मला खोटं सांगून आणलं होतं.

गाईडने वाचलं आणि तो गडबडला. "अहो बाई, हे आमच्यावर शेकेल!"

"खरं आहे," ताई म्हणाली. तिने कागद परत घेतला, ओळीच्या सुरुवातीला थोडी जागा होती तिथे बारीक अक्षरात 'घरच्यांनी' लिहिलं, आणि खाली सही केली.