अर्जुनाकाकांचा बेस

कुंडलचे अर्जुना लाड पलटणीच्या बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बावीस वर्षं त्यांनी साहेबांच्या मेसमध्ये बेस गिटार वाजवली, तीही इतकी गुळगुळीत, की जेवणाऱ्याचा घास अडू नये. जरा खरखर आली की बँडमास्तर डोळे वटारायचे.

सांगलीच्या दीपाली मगदूमच्या पोरींच्या रॉक बँडला बेसवाला हवा होता. वाद्यांच्या दुकानदारानं काकांचं नाव सांगितलं. तिच्या वडिलांच्या पंपांच्या दुकानावरच्या खोलीत पहिली तालीम झाली. गाणं संपलं.

"काका, लय गोड वाजवता तुमी," दीपाली चाचरत म्हणाली. "पण हे चिडलेल्या माणसाचं गाणं हाय. बेस खरखरीत पायजे. जरा घाण."

"घाण? अगं, ती काढण्यात जन्म गेला माझा!"

काकांनी गिटार पिशवीत घातली आणि जिना उतरायला लागले. वर पोरींनी गाणं पुन्हा सुरू केलं. बेसचा आधार नाही म्हणून ते नुसतं किंचाळत होतं. काका अर्ध्या जिन्यात थांबले आणि माघारी आले.

"दाव, कसली घाण पायजे ती."

दीपालीनं गिटारला आवाज फाडणारं पेडल जोडलं आणि खरखर वाढवणारा त्याचा गेन पूर्ण फिरवला. डब्यात गांधीलमाशी अडकावी तसा आवाज आला.

"ह्यात बेस कुठं हाय?" काका म्हणाले. त्यांनी गेन निम्म्यावर आणला. साफ आवाज मिसळायचं बटण पेडलवरच होतं, ते थोडं थोडं वाढवलं. मग दीपालीकडून तारा छेडायचं प्लास्टिकचं पिक घेऊन, तारा खाली जिथं अडकवतात त्याच्या जवळ जोरात मारलं. तार पट्टीवर आपटून कडाडली. खाली जाड, वर खरबरीत, असा आवाज खोलीभर गुरगुरला.

"व्हय काका, ह्योच!" ड्रमवरून राजमती ओरडली.

काका वाजवतच राहिले. पलटणीतला जोडीदार तानाजी सीमेवर मारला गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळीही त्यांना मेसमध्ये नाचाची हळुवार धून वाजवावी लागली होती. ते आज त्यांना आठवलं. अंगठा सोलवटला, तरी त्यांनी गाणं चार वेळा घेतलं.

पुढच्या रविवारी साताऱ्यात कार्यक्रम झाला. पिक दोनदा हातातून निसटलं. दुसऱ्यांदा काकांनी ते उचललंच नाही, नखांनीच तारा ओरबाडल्या. गाणं संपल्यावर दीपालीनं त्यांचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि काका नमस्कार करायचं विसरून नुसते धापा टाकत उभे राहिले.